कोंडवाड्याशेजारची दाईमास्तरीण

दाईमास्तरीण माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायची, आधी नखांकडे पाहायची. समोर पाटील असो, बोर्डाचा मेंबर असो की पाणी भरणारी बाई, तिची नजर पहिल्यांदा बोटांच्या टोकांवर जाई, आणि तिथे मळ दिसला की कपाळाला आठी पडे. पहिल्या भेटीत तिने माझी शाईने काळी झालेली नखे पाहिली आणि विचारले, "बाबू, हे धुतल्यानं जाते का नाही?" मी म्हणालो, शाई आहे, जायला दोन दिवस लागतात. "मंग दोन दिवस कोन्या बाळंतिनीच्या घरी जाऊ नोका," असे सांगून ती आपल्या कामाला लागली. मी कारकून माणूस, बाळंतिणीच्या घरी जाण्याशी माझा काय संबंध? पण तिच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसे होती : बाळंतिणीजवळ जाऊ देण्यासारखी आणि न जाऊ देण्यासारखी.

तिचे नाव भागरता. जातीची ढिवर. नवरा तलावात जाळे टाकायचा आणि ती डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत मासळी विकायची. ज्या घरी मासळी द्यायची, त्याच घरची बाळंतपणेही करायची. हे दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीचे दिवस. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि मी त्या भागातल्या एका लोकल बोर्डात धाकटा कारकून होतो. बोर्डाचे आणि गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. त्यातली बहुतेक माणसे गेली, पण त्यांची मुले-नातवंडे आहेत. शिवाय जे सांगायचे आहे, त्यात खराब करायचेच झाले तर माझे नाव पुरेसे आहे.

सरकारने दाईंच्या शिक्षणाचा वर्ग काढला होता. खेड्यातल्या सुइणींना सहा महिने शिकवायचे, त्या काळात त्यांचा रोज बुडतो म्हणून थोडी मजुरी द्यायची, आणि परीक्षेत पास झाली की कैची, वाटी, साबण, औषधाच्या दोन बाटल्या अशी एक पत्र्याची पेटी द्यायची. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा बोर्डाचा. सरकारचा अर्धा यायचा तो मात्र वर्ग चालू असल्याचा कागद वर गेल्यावरच. बोर्डाने वर्गाला जागा दिली ती कोंडवाड्याला लागून असलेल्या खोलीची. भिंतीपलीकडे पकडून आणलेली मोकाट गुरे हंबरत असत आणि अलीकडे नागपूरहून आलेल्या नर्सबाई जीव तोडून शिकवत असत. दीड वर्ष त्यांनी काढले. राहायला गळकी खोली, खेड्यांत जायला बैलगाडीचे भाडे मिळेना. त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही माझ्या टेबलावरून वर गेले आणि वरून फिरून माझ्याच टेबलावर आले. चौथा अर्ज राजीनाम्याचा होता. तो आठ दिवसांत मंजूर झाला.

भागरता त्यांच्या पहिल्या तुकडीतली. नर्सबाई सांगत की बाकीच्या बायका ऐकत, ही मात्र भांडे. प्रत्येक गोष्टीला "काऊन?" म्हणून विचारी. नाळ कापायला खेड्यात घरातला विळाच असायचा, ती त्याला 'इरा' म्हणे. धान कापायचा तोच इरा, त्यावर वरून शेणाची राख. मग सातव्या-आठव्या दिवशी मूल ताठ होई, जबडा मिटे, आणि सटवीने नेले म्हणून घरचे लोक गप्प बसत. सटवी नव्हे, विळ्याचा गंज आणि शेण, हे नर्सबाईंनी सांगितले तेव्हा भागरता त्यांच्याशी दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी वर्गाला आलीच नाही. आठवड्याने आली ती गप्प होऊन. मधल्या दिवसांत ती आपण बाळंतपण केलेल्या घरोघर हिंडून आली होती आणि किती मुले आठव्या दिवशी गेली हे विचारून आली होती. तो आकडा तिने कुणाला सांगितला नाही. पुढे एकदा मला एवढेच म्हणाली, "सटवीच्या नावानं माहेच हात होते, बाबू. वीस साल आंदी कोनी सांगतलं असतं तं? तवा काऊन नाही आलं तुमचं सरकार?"

मी म्हणालो, तेव्हा योजना नव्हती.

नर्सबाई गेल्या आणि जागा रिकामी पडली. जाहिरात दिली, कुणी आले नाही. कोंडवाड्याशेजारी कोण येणार? वर्ग बंद पडला तर सरकारचा अर्धा हिस्सा बंद होणार, आणि त्या हिश्श्यावर बोर्डाचा इतर बराच गाडा चालत होता. आमच्या कचेरीत मुख्य कारकुनाला सगळे बडेबाबू म्हणत. त्यांनी एके दिवशी मला बोलावले आणि शांतपणे समजावले. ती ढिवरीण सगळे शिकली आहे, तिला वर्ग चालवू दे. खोली झाडायच्या कामावर तिचे नाव लावू. हजेरीपटावर नर्सबाईंच्या नावाची सही तू करत जा, तुझे अक्षर बाईमाणसासारखे आहे. मी विचारले, हे बरे दिसेल का? ते म्हणाले, "वर्ग बंद करायचा आहे का तुला?" मला वर्ग बंद करायचा नव्हता. हे खरे आहे. मला नोकरीही हवी होती. हे जास्त खरे आहे.

अशी भागरता दाईमास्तरीण झाली. पगार झाडूवालीचा. नर्सबाईंच्या पगाराचे पुढे काय होत गेले, ते मला ठाऊक होते. बोर्डाच्या विश्रामगृहावर त्या वर्षी नवी कौले चढली आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आल्या.

तिला अक्षर येत नव्हते, फळ्यावर काही लिहिता येत नव्हते. तिने बूड काढलेले एक मडके आणले आणि चिंध्यांची बाहुली शिवली. बाहुलीला सुताची ओली दोरी बांधली. मूल कसे फिरते, डोके कसे येते, पाय आधी आले तर काय करायचे, हे ती त्या मडक्यातून बाहुली काढून दाखवी आणि मग एकेका बाईकडून डोळे मिटून करवून घेई. "बाळंतिनीच्या खोलीत उजेड नसते. हाताले दिसलं पायजे," असे तिचे म्हणणे. हात पुढे आले की त्यांवर राख टाकून धुवायला लावी, मग साबणाने, मग पुन्हा. कुणी कंटाळले की ती म्हणे, "तुहा हात धुवाचा कटारा करशील, तं त्या मायनं कोनाकडे पाहावं?"

वर्गात ढिवर, महार, गोंड, कलार अशा सगळ्या जातींच्या बायका. पहिल्या दिवसापासून भांडण पाण्याच्या गुंडीवरून. प्रत्येकीने आपला लोटा आणला होता. पण कैची उकळायला गुंडी एकच, मग ती कुणी भरायची? दोन बायका उठून चालू लागल्या. भागरताने त्यांना अडवले नाही. चुलीवर गुंडी ठेवून ती तिथेच बसून राहिली. पाणी उकळू लागले तेव्हा म्हणाली, "पानी खदकलं का त्यातली जात उडून जाते. नाही उडाली तं ते खदकलं नाही. पुन्हा खदकवा." बायका हसल्या. गेलेल्या दोघींतली एक परत आली. दुसरी आली नाही. ते तिला लागले असावे, कारण पुढे महिनाभर ती त्या बाईच्या गावावरून मासळी घेऊन जायची आणि दारात उभी राहून तिच्याशी बोलायची. ती बाई शेवटपर्यंत आली नाही.

खरी आडकाठी मात्र जातीची नव्हती, मजुरीची होती. वर्ग पावसाळ्यात सुरू व्हायचा, कारण कागदात तसे होते. नेमका तेव्हाच रोवणा, म्हणजे भाताची लावणी. रोवण्याच्या दिवसांत बाईमाणसाला शेतावर हमखास काम मिळायचे. ते सोडून बायका चिखलातून चालत यायच्या, आणि वर्गाची मजुरी मंजूर होऊन यायची फाल्गुनात. सहा महिने त्यांनी काय खायचे, याला कागदात रकाना नव्हता. श्रावणात दोघी गळाल्या, भादव्यात एक. हजेरी कमी भरली की सरकारचा हिस्साही तेवढा कमी होई, म्हणून बडेबाबू मला ओरडत आणि गळालेल्यांचीही हजेरी भरायला लावत.

एकदा भागरता चालत कचेरीत आली. व्हरांड्यात बसली, आणि बोर्डाचे साहेब जेवायला उठेपर्यंत बसून राहिली. साहेबांनी विचारले, काय पाहिजे. ती म्हणाली की मजुरी रोवण्यात द्या, नाहीतर वर्ग उन्हाळ्यात घ्या. साहेब म्हणाले, सरकारी वर्ष मार्चमध्ये संपते, त्याला इलाज नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाबू, सरकारचे लेकरं काय मार्चातच होतेत?" साहेबांना तिची बोली नीट कळली नाही. ती काय म्हणते म्हणून त्यांनी मला विचारले. मी सांगितले, नमस्कार म्हणते.

तरीही तिने दोन तुकड्या तयार केल्या. त्या बायका गावी गेल्यावर काय करतात हे ती मासळीच्या फेरीत पाहून येई. कोणत्या घरी आठवा दिवस पार पडला, याची खबर तिच्याकडे आधी असे. स्वतःसाठी तिने कधी काही मागितले नाही, फक्त एकदा मला म्हणाली, "माहं नाव कोठं तरी मास्तरीन म्हनून लिवा. पैसा नोको. नातीले दाखवीन." मी हो म्हणालो. लिहिले नाही. तिचे नाव झाडूवालीच्या रकान्यात होते आणि तिथून ते हलवले असते तर सगळेच हलले असते.

मग तपासणी आली. नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. प्रौढ, बारीक फ्रेमचा चष्मा, कडक इस्त्रीचे पातळ. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी बायकांना रांगेत उभे केले आणि शुद्ध मराठीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. जंतुसंसर्ग म्हणजे काय? प्रसूतीच्या अवस्था किती? बायका खाली पाहू लागल्या. ज्या बाईने आदल्या आठवड्यात पायाळू मूल सुखरूप आणले होते, ती आपले नावही धड सांगेना. बडेबाबू कपाळ पुसत होते. तेव्हा भागरता पुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "बाई, यायले तोंडानं नोका पुसू. हाताले पुसा."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मडके आले, बाहुली आली. एकेका बाईने डोळे मिटून बाहुली फिरवली, काढली, बांधली, कापली. हात धुवायला विसरली अशी एकही बाई नव्हती, असे मी लिहिणार होतो. पण खरे सांगायचे तर एक विसरली, आणि बाकीच्या सगळ्या एकदम तिच्यावर ओरडल्या. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी सगळ्यांना पास केले. मग सहज विचारले, "तुम्हाला शिकवलं कुणी इतकं चांगलं?"

भागरताच्या तोंडावर मी पहिल्यांदा आणि शेवटचा असा आनंद पाहिला. ती म्हणाली, "मीच."

डॉक्टरीणबाईंनी हजेरीपट मागवला. पाने उलटता उलटता त्या थांबल्या. सहीवरचे नाव त्यांनी मोठ्याने वाचले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "ही नर्स गेली दीड वर्ष माझ्या दवाखान्यात काम करते आहे."

बडेबाबू सावरले ते लगेच. त्यांनी हात चोळत सांगितले की ही बाई भलतीच बेरकी आहे, नर्स आहे असे आम्हाला भासवत राहिली, सह्या कुणाकडून करून घेतल्या देव जाणे. मग ते माझ्याकडे वळले. "हजेरीपट तूच आणत होतास ना? तुला काही माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरीणबाईंनी भागरताला विचारले, या सह्या कुणाच्या? तिने माझ्याकडे पाहिले. मी मडक्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, "मले ठाव नाही, बाई. मले वाचता येत नाही."

वर्ग बंद झाला. निरक्षर बाईच्या हातून झालेले शिक्षण नियमात बसत नाही, म्हणून त्या तुकडीचे पास होणेही रद्द झाले. भागरताला झाडूवालीच्या कामावरून काढले. तिला पूर्वी मिळालेली पेटी परत आणण्याचा हुकूम निघाला, आणि तो बजावायला बडेबाबूंनी मलाच पाठवले. तिच्या अंगणात जाळे वाळत पडले होते. तिने पेटी आणून माझ्यापुढे ठेवली, पुसलेली, लख्ख. माझ्याजवळ यादी होती. मी एकेक वस्तू तपासून खूण केली. कैची हातात घेतली तेव्हा ती म्हणाली, "येवढी ठेवू का, बाबू?" मी म्हणालो, यादीत आहे. तिने पुन्हा विचारले नाही.

निघताना मला राहवले नाही. विचारले, त्या दिवशी माझे नाव का नाही सांगितले? ती जाळ्याची गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले काढलं असतं तं तुमच्या जागी दुसरा आला असता. त्याले वर्ग म्हंजे काय थे तरी ठाव असतं का? तुमी हाव तं वर्ग पुन्हा निंगन. निंगन ना?"

मी म्हणालो, प्रयत्न करतो.

मी एक टिपण लिहिले. एकच. बडेबाबूंनी त्यावर 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारला आणि मी ते फायलीला लावले. दुसरे लिहिण्याचा धीर झाला नाही. दरम्यान निधी कुठे कुठे उपलब्ध होत होता, ते माझ्याच टेबलावरून जात होते. मोठ्या गावी प्रसूतिगृहाची इमारत उठली, कोनशिला बसली, सभा झाली. तिथली शिकलेली सुईण चार कोसांवरच्या खेड्यात जात नसे, कारण तिच्या नेमणुकीत प्रवास नव्हता. मग लढाई लागली. लढाईच्या कारखान्यांसाठी फिटर आणि लोहार हवे होते, म्हणून तरुणांचे वर्ग निघाले. त्यांची मजुरी महिन्याच्या महिन्याला हातावर मिळू लागली, आणि त्यासाठी कुणाला मार्चची वाट पाहावी लागली नाही. त्या वर्गांचे कागदही मीच लिहिले. तेव्हा कळले की सरकारला वेळेवर मजुरी देता येत नव्हती असे नाही.

भागरता गावात फार दिवस राहिली नाही. तिला सरकारने बाद केले अशी बोलवा झाली. काहींनी खरेच भिऊन तिला बोलावणे सोडले, आणि काहींनी बोलावले पण बाळंतपण झाल्यावर तीच सबब सांगून तिला रिकाम्या हाताने परत पाठवले. नवरा वारल्यावर ती डोंगरगडकडे लेकीकडे गेली. जाताना कचेरीवरून गेली म्हणे. मी त्या दिवशी रजेवर होतो. रजेवर नसतो, तरी बाहेर आलो असतो की नाही, सांगता येत नाही. तिथेच ती वारली, हेही मला वर्षभराने एका मासळीवालीकडून कळले.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण केशोरीला दिलेली. तिला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला. मी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची सासू सटवीला बोल लावत होती. बाळंतपण केलेली दाई ओसरीच्या कडेला बसली होती. सारजा तिचे नाव, पन्नाशीची, साधी बाई. बोलवले नव्हते तरी आली होती, आणि तिच्याही डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि हळूच विचारले, नाळ कशाने कापली?

"इऱ्यानं," ती म्हणाली. "आनखी कायनं कापू?"

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे निरखून पाहिले. मग तिला ओळख पटली.

"तुमी बोर्डाचे बाबू ना? मी आलो होतो तुमच्याकडे, बजाराच्या दिशी. ढिवरीन शिकोते थ्या वर्गात माहं नाव लिवलं होतं तुमी. येत्या पावसात बलावतो म्हनले होते." ती थांबली. "थो वर्ग कदी निंगते, बाबू? अजून बलावनं नाही आलं."

मी म्हणालो, "कागद वर गेले आहेत."

ती "बरं" म्हणाली. तिने त्यावर विश्वास ठेवला.